शिवणयंत्र दिल्यानंतर

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठी गरीब वस्त्यांतील स्त्रियांच्या उद्योगशिक्षणावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. आमचा पेशा शिक्षकाचा. कारखाना चालविण्याचा किंवा दुकान मांडण्याचा अनुभव आम्हांस नाही. तथापि शिकविलेले केव्हा अंगी लागते आणि केव्हा वाऱ्यावर जाते, ह्याचा विचार वर्गात उभे राहून वर्षानुवर्षे करावा लागला आहे. त्या भांडवलावर हा लेख लिहीत आहोत.

महोत्सवी निधी जमा होत आहे. त्यातील काही भाग शहरातील गरीब भगिनींच्या कामी यावा, अशी इच्छा अनेक सभासदांनी बोलून दाखविली आहे, आणि बहुतेकांच्या मनात शिवणयंत्रांचे वाटप आहे. हेतू चांगला आहे, ह्यात शंका नाही. परंतु वाटपाच्या दिवशी हार घातलेली यंत्रे दोन वर्षांनी पाहावयास गेल्यास त्यांतील काहींवर धुतलेल्या कपड्यांची चळत दिसते, काही लग्नकार्याच्या किंवा दवाखान्याच्या खर्चापायी विकली गेलेली असतात, आणि थोडीच चालू असतात. दोष त्या बायकांचा नसतो. यंत्र आणि शिवणवर्ग हा कामाचा मधला भाग आहे. त्याच्या आधी एक पायरी आहे, धंद्याची निवड. आणि त्याच्या नंतर दोन पायऱ्या आहेत, कामाची मागणी व कामाचा दर. ह्या तीन पायऱ्यांवर पैसा आणि माणसे लागली नाहीत, तर मधली पायरी कितीही भक्कम बांधली तरी ती कोठेही पोहोचवीत नाही. एवढेच आमचे म्हणणे आहे. पुढील मजकूर त्याचे स्पष्टीकरण होय.

बडोद्याचा वारसा

बडोदेकरांस हा विषय नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन स्थापन केले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञाच्या हाती ते सोपविले. पोट भरण्याची विद्या ही देखील विद्याच होय, हा विचार त्यामागे होता. १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. पुढे १९१४ साली महाराणी चिमणाबाईसाहेबांच्या पुढाकाराने बडोद्यात स्त्री उद्योगालय निघाले. ह्याच महाराणीसाहेब १९२७ साली पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

संस्थेस ‘उद्योगालय’ हे नाव दिले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शिकणे हा उंबरठा. ओलांडून जावयाचे ते उद्योगाच्या घरात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या गावात हे नाव सुचले, त्या गावातील आपल्या ट्रस्टने शिवणवर्गाच्या प्रमाणपत्रापाशी थांबणे शोभणार नाही.

ही भगिनी कोण?

ज्या स्त्रीसाठी आपण योजना आखतो, तिचा दिवस कसा जातो हे आधी पाहिले पाहिजे. शहरातील दारिद्र्य खेड्यातील दारिद्र्याहून निराळे असते. येथे सरपणापासून कोथिंबिरीच्या काडीपर्यंत सर्व विकत घ्यावे लागते. खोलीचे भाडे महिन्याच्या महिन्यास द्यावे लागते. नवऱ्याचे काम बहुधा रोजंदारीचे. ते आज आहे, उद्या नाही. पाणी ठरल्या वेळी येते, आणि त्या वेळी घरी कोणी नसेल तर दिवसभराचे पाणी गेले. मुलांची शाळा, सासूचे औषध, रेशनची रांग ह्या सर्वांमधून तिला जो वेळ मिळतो तो सलग नसतो. अर्धा तास येथे, एक तास तेथे, असा तुकड्यातुकड्यांचा असतो.

ही स्त्री रिकामी बसलेली असते, असा आपल्यापैकी काहींचा समज आहे. तो खरा नाही. वाडी, याकूतपुरा, फतेपुरा, तांदळजा अशा भागांतील गल्ल्यांत एकदा हिंडून यावे. उत्तरायणाच्या आधी पतंगांना कामट्या चिकटविणे चालू असते, राखीपौर्णिमेच्या आधी राख्या गुंफणे. एरवी तयार कपड्यांचे दोरे कापणे, गुंड्या लावणे, टिकल्या टाकणे, पापड लाटणे हे आहेच. ईद आणि दिवाळी जवळ आली की शिलाईचे गठ्ठे रात्री उशिरापर्यंत उसवले-शिवले जातात. काम आहे, पण ते हंगामी आहे, दलालामार्फत येते आणि त्याचा दर दुसराच कोणी ठरवितो.

आमच्या एका विद्यार्थ्याची आई गणवेशाच्या चड्ड्या एका व्यापाऱ्यासाठी नगावारी शिवीत असे. जूनमध्ये मुलाला गणवेश नाही म्हणून आम्ही निरोप धाडला, तेव्हा ती म्हणाली, “सर, दुकानात भाव फार आहे. पुढच्या पगाराला घेते.” तिच्याच वस्तीत शिवला गेलेला माल दुकानाच्या फळीवर होता, आणि तो विकत घेण्याची तिची ऐपत नव्हती. शिवण्याचे कौशल्य तिच्या हातात पुरेपूर होते. तिच्याजवळ नव्हते ते गिऱ्हाईक, आणि स्वतः कापड आणून शिवण्यापुरते भांडवल. अशा बाईला आणखी एक शिवणवर्ग काय देणार?

अहमदाबादने काय शिकविले

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको. अहमदाबादेत ते एका संस्थेला अनुभवाने मिळाले आहे. तेथील गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघाने १९५४ साली आपला महिला विभाग काढला. गिरणी कामगारांच्या बायका-मुलींना शिवण, विणकाम, भरतकाम, सूतकताई, छापखान्यातील खिळे जुळविणे, टंकलेखन अशा गोष्टी शिकविणारे वर्ग शहरात ठिकठिकाणी चालू झाले. काम मनापासून चालले होते.

पण १९७० च्या सुमारास शिलाईकाम करणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारी ह्या विभागाकडे येऊ लागल्या. ठेकेदार दर पाडून देतात, माल नाकारतात, पैसे थकवितात, असे त्या सांगत. पाठोपाठ कापडबाजारात डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या बायका आल्या. विभागाच्या प्रमुख इलाबेन भट्ट ह्यांच्या ध्यानात आले की, ह्या स्त्रियांना काम येत नाही असे नाही. त्यांच्या कामाला कोणी काम म्हणत नाही. त्यातून १९७२ साली ‘सेवा’ म्हणजे स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना नोंदली गेली. नोंदणी सहज झाली नाही. मालकच नाही तर कामगार संघ कोणाविरुद्ध, असा सरकारी खात्याचा आक्षेप होता. संघ हा कोणाविरुद्ध असण्यापेक्षा कामगारांच्या एकीसाठी असतो, असे उत्तर देऊन ती नोंदणी मिळविण्यात आली.

पुढे पैशाचा प्रश्न निघाला. सावकाराच्या व्याजात मिळकत बुडत असे, आणि बँका ह्या बायकांना दारात उभ्या करीत नसत. १९७४ साली सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन स्वतःची सहकारी बँक काढली. सही येत नसलेल्या खातेदारांची ओळख पटावी म्हणून पासबुकावर फोटो लावण्याची रीत तेथे पडली.

दर्यापूर भागातील चिंधीकाम करणाऱ्या स्त्रियांची हकिगत तर ह्या लेखाच्या विषयाशी थेट भिडते. गिरण्यांतील कापडाचे तुकडे जोडून त्या गोधड्यांच्या खोळी शिवीत. त्यांत मुसलमान स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि घरात बसून करता येण्याजोगे हेच एक काम त्यांना मिळे. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी दर वाढवून मागितला तेव्हा व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले. तेव्हा संघटनेच्या मदतीने त्यांनी चिंध्या स्वतः मिळविल्या, स्वतः विकल्या, आणि त्यांतून ‘सबीना’ ही त्यांची सहकारी मंडळी उभी राहिली. शिवण्याचे शिक्षण ह्या बायकांना कोणी दिले नव्हते. ते त्यांच्यापाशी होतेच. कच्चा माल कोठून घ्यावा, हिशेब कसा ठेवावा, माल कोणाला व कोणत्या भावाने विकावा, हे मात्र त्यांना शिकावे लागले. खरे उद्योगशिक्षण ते हेच. इलाबेन २०२२ साली गेल्या. पण मजूर संघाच्या शिवणवर्गांपासून सहकारी बँकेपर्यंत झालेला हा प्रवास प्रत्येक धर्मादाय संस्थेने अभ्यासावा असा आहे.

उणीव कशाची आहे?

म्हणून योजना आखण्यापूर्वी पहिला प्रश्न असा विचारावा, की समोरच्या स्त्रीजवळ नक्की काय कमी आहे? कौशल्य, भांडवल, गिऱ्हाईक, की वेळ? उपाय त्याप्रमाणे बदलतो.

मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गिरणी कामगारांना जेवू घालीत. स्वयंपाकाचे शिक्षण त्यांना कोण देणार? त्यांना उणीव होती ती भांडवलाची. वाण्याकडून उधारीवर माल घ्यावयाचा आणि जबर व्याज भरावयाचे, ह्यात नफा जात असे. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ह्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. गटातील स्त्रिया एकमेकींना जामीन राहिल्या.

त्याच मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यांनी देणगी घ्यावयाची नाही असे ठरविले होते. पैसे घेतले ते कर्ज म्हणून, आणि फेडले. हाच पुढे लिज्जत पापडाचा गृहउद्योग झाला. पापड लाटणे आपल्याकडे कोणत्या घरात येत नाही? लिज्जतने नवीन शिकविली ती व्यवस्था. पीठ एका ठिकाणी मळावयाचे, म्हणजे चव सारखी राहते. लाट्या घरी न्यावयाच्या, म्हणजे मूल सांभाळून सवडीने लाटता येते. आणलेले पापड तपासून घ्यावयाचे व मजुरी चुकती करावयाची. तुकड्यातुकड्यांचा वेळ असलेल्या स्त्रीच्या सोयीने तो धंदा बेतला गेला, म्हणून टिकला.

धंदा कोणता निवडावा?

जेथे खरोखरच कौशल्याची उणीव असेल, तेथे वर्ग काढावाच. पण कोणत्या धंद्याचा? आपल्या मनात स्त्री म्हटली की शिवण, भरतकाम, मेंदी, केशरचना एवढेच येते. एकाच गल्लीत शिवणवर्गातून तीस जणी बाहेर पडल्या तर ब्लाउज शिवावयास गिऱ्हाईक कोठून येणार? त्या एकमेकींचा दर तेवढा पाडतील.

पुण्यात रमाबाई रानडे ह्यांनी १९०९ साली सेवासदनाचे काम हाती घेतले, तेव्हा तेथील स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण ससून रुग्णालयाच्या साहाय्याने दिले जाऊ लागले. त्या काळी कुलीन घरच्या स्त्रीने रुग्णाची शुश्रूषा करावी ही गोष्ट लोकांस रुचत नव्हती. रमाबाईंनी लोकांची रुची पाहिली नाही. गावात कोणत्या हातांची गरज आहे ते पाहिले. आज आपल्या शहरात वृद्धांची व आजाऱ्यांची शुश्रूषा, पाळणाघर, डबे पोहोचविणे, दुकानातील हिशेब, संगणकावरील नोंदी, विजेच्या लहान उपकरणांची दुरुस्ती, रिक्षा चालविणे अशा कामांना माणसे लागतात. त्यांतील काही कामे घराबाहेरची आहेत, काही रात्रपाळीची आहेत. प्रत्येकीला प्रत्येक काम जमेल असे नाही. परंतु बाईला काय रुचेल हे आपण परस्पर ठरवू नये. तिलाच विचारावे.

येथेही एक सावधगिरी हवी. अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्ट ही संस्था १९९४ पासून काम करीत आहे. बांधकामावर डोक्यावरून विटा वाहणाऱ्या स्त्रियांना गवंडीकाम, फरशी बसविणे, रंगकाम शिकविण्याची व्यवस्था ह्या मंडळींनी केली. बिगाऱ्यापेक्षा गवंड्याची मजुरी अधिक, म्हणून कल्पना अगदी योग्य. पण थापी हातात असली तरी बाईला गवंडी म्हणून कामावर घेण्यास ठेकेदार का-कू करतात, ही त्या धंद्याची रीत आहे. ती रीत मोडण्याचे काम वर्गात होत नाही. ठेकेदाराच्या दारी जाऊन, एखादी भिंत बांधून दाखवून ते करावे लागते. ज्या धंद्यात काम मिळवून देण्यास आपण चार माणसांकडे जाण्यास तयार असू, तोच धंदा शिकवावा.

वर्ग कसा असावा?

आता मधल्या पायरीकडे वळू. हा भाग आमच्या पेशाचा, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

वर्ग वस्तीतच किंवा वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा. वेळ बायकांनी ठरवावी. बहुधा ती मुले शाळेत गेल्यानंतरची आणि दुपारच्या पाण्याच्या आधीची निघते. शेजारच्या खोलीत मुले सांभाळण्यास एक बाई नेमावी व तिला वेतन द्यावे. ज्या स्त्रीची रोजची कमाई वर्गापायी बुडते, तिला थोडा भत्ता द्यावा. भत्ता म्हणजे लाच नव्हे. ती त्या दोन तासांत टिकल्या टाकून जे मिळविते ते सोडून येते, ह्याची ती भरपाई होय. भत्त्यावाचून जो वर्ग चालतो, त्यात सर्वांत गरीब बाई शेवटपर्यंत टिकत नाही. आणि आपला वर्ग तर तिच्याचसाठी होता.

दुसरी गोष्ट मापांची. पाचवी-सहावीत शाळा सुटलेल्या बाईला टेपवरील बारीक रेघा वाचावयास सांगितल्या की ती गडबडते, आणि ‘मला डोके नाही’ असे म्हणून येणे बंद करते. वस्तुतः हा हिशेब तिला येत असतो. पावशेर, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड ह्यांवाचून तिचा बाजार एक दिवस चालत नाही. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ करून घेत, ती ह्याच व्यवहारासाठी. छातीचे माप छत्तीस इंच असेल तर ब्लाउजच्या कापणीत त्याची पाव म्हणजे नऊ इंच धरावयाचे, आणि त्यात शिलाई व सैलपणा मिळवावयाचा. बाजारातील पावकीवरून टेपवरील पावकीवर आले, की हा धडा एका दिवसात समजतो. शिकविणाऱ्याने विद्यार्थिनीला येणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी, हा अध्यापनशास्त्राचा पहिला नियम येथेही लागू पडतो.

तिसरी गोष्ट मुदतीची. तीन महिन्यांत साडीचा फॉल, पिको, उशीचे अभ्रे, परकर हे नीट येऊ शकते. अंगाबरोबर बसणारा अस्तराचा ब्लाउज कापण्यास त्याहून बराच अधिक सराव लागतो. तीन महिन्यांच्या वर्गानंतर ‘शिवणकला निपुण’ असे प्रमाणपत्र दिले आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचा ब्लाउज बिघडला, तर ती बाई पुन्हा दुसऱ्याचे कापड हातात घ्यावयास धजत नाही. त्यापेक्षा जे येते तेवढ्याचेच काम तिला मिळवून द्यावे, आणि पुढचे शिक्षण कमावता कमावता व्हावे. यंत्राची निगाही वर्गातच शिकवावी. तेल कोठे द्यावे, पातळ कापडाला अकरा नंबरची व जाड्याला सोळा नंबरची सुई का लावावी, दोरा तुटू लागला तर ताण कसा पाहावा, हे न कळल्यामुळे चांगली यंत्रे बंद पडून राहतात.

दराचा हिशेब

चौथी पायरी दराची, आणि आमच्या मते सर्वांत दुर्लक्षिलेली. एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येक वस्तीत ते निराळे निघतील.

समजा, व्यापारी कापलेले परकर देतो आणि नगाला बारा रुपये शिलाई देतो. दोरा बाईचा. दोरा, वीज, तेल व सुई मिळून नगामागे दोन रुपये गेले, तर तिच्या हाती दहा रुपये राहिले. एका परकराला चाळीस मिनिटे लागली तर आठ तासांत बारा नग होतात, म्हणजे एकशेवीस रुपये. गठ्ठा आणण्या-पोहोचविण्यात एक तास जातो. एकूण नऊ तास झाले. तासाला साडेतेरा रुपयेही पडले नाहीत, आणि एखादा नग नाकारला गेला तर त्याहून कमी. तीच बाई शेजारणीचा परकर माप घेऊन, कापून, पन्नास रुपयांत शिवून देते. तीन रुपये खर्च आणि एक तास वेळ धरला तर तासाला सत्तेचाळीस रुपये झाले. मात्र अशी गिऱ्हाइके रोज आठ मिळत नाहीत.

ह्या हिशेबातून तिला तीन गोष्टी कळतात. पहिली, आपल्या तासाची किंमत. दुसरी, दोऱ्याची मोठी रिळे पाच-सहा जणींनी मिळून घाऊक बाजारातून आणली तर खर्च कमी होतो. तिसरी, व्यापाऱ्याकडे एकटीने दर मागितला तर तो गठ्ठा दुसरीला देतो; वीस जणींनी मिळून मागितला तर त्याला ऐकावे लागते. हा हिशेब वर्गाच्या पहिल्या महिन्यातच फळ्यावर मांडला पाहिजे. जी बाई आपला हिशेब स्वतः लिहू लागली, तिचे शिक्षण पुढे कोणी थांबवू शकत नाही, असा आमचा विश्वास आहे.

सरकारी योजना व कागदपत्रे

सर्व भार ट्रस्टने उचलावा असे नाही. अल्पशिक्षित प्रौढांसाठी जन शिक्षण संस्थानांचे वर्ग देशात ठिकठिकाणी चालतात. त्यांची सुरुवात १९६७ साली मुंबईच्या श्रमिक विद्यापीठापासून झाली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. त्यांत शिंपीकाम आहे, हार गुंफणे आहे, टोपल्या, चटया व झाडू करणे आहे. तीत प्राथमिक प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये भत्ता, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, आणि तारणावाचून पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज अशी तरतूद केलेली आहे. लाभ एका कुटुंबात एकालाच मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

अडचण योजनेची नसते, कागदांची असते. आधारपत्रावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे; कोठे ‘बी’ लागलेले, कोठे ‘बानू’; कोठे ‘बाई’ आहे, कोठे ‘बेन’. फोन नवऱ्याच्या नावावर, खाते बंद पडलेले. एवढ्यावरून अर्ज परत येतो आणि बाई पुन्हा त्या दारी जात नाही. ट्रस्टच्या सभासदांत निवृत्त कारकून, बँकेतील मंडळी, वकील आहेत. त्यांनी आठवड्यातून एक सायंकाळ वस्तीत बसून हे कागद सरळ करून दिले, तर एक पैसा खर्च न होता अनेकींचे काम होईल.

आपल्या निधीचे काय करावे?

आता मुद्द्याची गोष्ट. निधीतून समजा चाळीस यंत्रे होतात. आमची विश्वस्तांना नम्र सूचना अशी की, ती वीसच घ्यावीत. उरलेल्या रकमेतून वर्षभर शिक्षिकेचे मानधन, मुले सांभाळणाऱ्या बाईचे वेतन, शिकणारींचा भत्ता, आणि वर्गानंतर सहा महिने घरोघर जाऊन विचारपूस करणाऱ्या कार्यकर्तीचा खर्च भागवावा. यंत्र वर्गाच्या पहिल्या दिवशी देऊ नये. कामाची पहिली मागणी हाती आल्यावर द्यावे. ते फुकटही देऊ नये. झेपेल असा लहान हप्ता ठेवावा आणि आलेला हप्ता पुढच्या तुकडीसाठी वापरावा. ज्या वस्तूचा हप्ता आपण भरतो ती सहसा विकत नाही, आणि घेणारीची मानही ताठ राहते.

ह्यावर दोन आक्षेप येतील. चाळीसांऐवजी वीसच घरांस मदत होईल, हा पहिला. पण चाळीस यंत्रांतून दहा चालू राहावीत आणि वीसांतून पंधरा चालावीत, तर अधिक मदत कोणती? दुसरा आक्षेप असा की, देणगीदारांना डोळ्यांना दिसेल असे काही हवे असते. मुले सांभाळणाऱ्या बाईच्या वेतनाचा फोटो निघत नाही. हे खरे आहे. त्यासाठी आम्ही सुचवितो की, ट्रस्टने दरवर्षी वार्षिक सभेपुढे एक कागद ठेवावा. त्यावर तीनच प्रश्नांची उत्तरे असावीत: वर्ग संपून एक वर्ष झाल्यावर किती जणी कमावीत आहेत, महिन्याकाठी त्यांच्या हाती सरासरी काय पडते, आणि तो पैसा त्यांच्या स्वतःच्या खात्यात जातो की नाही. किती प्रमाणपत्रे वाटली हा आकडा त्यावर नसला तरी चालेल. परीक्षेच्या निकालावरून शाळेची परीक्षा होत नाही, हे आम्ही शिक्षक जाणतो; विद्यार्थी पुढे काय झाला, ह्यावरून होते.

सभासद भगिनींना एक विनंती आहे. मागणी निर्माण करणे सर्वाधिक आपल्याच हाती आहे. घरातील साड्यांचे फॉल, मुलांचे गणवेश, लग्नातील आहेराच्या पिशव्या, दिवाळीचा व ईदचा फराळ ह्यांपैकी एक तरी काम ह्या वर्षी वर्गातील एखाद्या भगिनीकडे द्यावे. काम बिघडले तर स्पष्ट सांगावे, चांगले झाले तर ठरलेला दर घासाघीस न करता द्यावा, आणि शेजारणीला तिचे नाव सांगावे. देणगीची पावती वर्षातून एकदा फाडली जाते. गिऱ्हाईक मात्र पुन्हा पुन्हा येते, आणि गरीब कुटुंबाला आधार वाटतो तो त्याचाच.

ट्रस्टला पन्नास वर्षे पुरी झाली, ह्याबद्दल सर्व विश्वस्तांचे व सभासदांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. पहिल्या तुकडीचा वर्ग सुरू होईल तेव्हा फळ्यावर पावकी आणि दराचा हिशेब शिकविण्याचे काम आमच्याकडे द्यावे. शाळा सुटल्यानंतरचा वेळ त्यासाठी आम्ही राखून ठेवला आहे.